हद्दबाई आणि चालता दगड

"आलं! आलं! संस्थान आलं!"

सोलापूरहून अक्कलकोटला निघालेल्या एस.टी.त, भर गर्दीत, बाई एकदम उभ्या राहून अशा काही ओरडल्या की म्हाताऱ्यांनी पिशव्या सावरल्या, पुढच्या बाकावरच्या बाळानं भोकाड पसरलं आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. त्याला वाटलं, दारातून कुणीतरी खाली पडलं. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "काय झालं हो बाई? कोण पडलं?"

"कुणी पडलं नाही. आपण आत्ता इंग्रजांच्या मुलखातून संस्थानात शिरलो. सगळ्यांना कळायला नको?"

कंडक्टरनं बाईंकडं बघितलं, मग आम्हा आठवीच्या पोरींकडं बघितलं, आणि "शाळेची सहल हाय व्हय" असं म्हणून घंटी मारली. आम्ही लाजेनं मेलो होतो. अर्ध्याजणी खिडकीबाहेर बघत होत्या आणि अर्ध्याजणी त्या गावच्याच नव्हत्या. बाई मात्र खिडकीची दांडी धरून, पदर खोचून, मान लांब करून बाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू बाहेर राजवाडाच उभा आहे. बाहेर होती ज्वारी.

भवानी पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत या बाई इतिहास शिकवायच्या. मस्टरवर त्यांचं चांगलं, भारदस्त नाव होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या मुली त्यांना 'हद्दबाई' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एका पोरीनं घाबरत घाबरत ते कबूलही केलं, तर म्हणाल्या, "छान आहे की! निदान तुम्हाला हद्द हा शब्द तरी पाठ झाला." बुटक्या, रुंद, घाईच्या. चालताना वहाणा फटफट वाजायच्या आणि आवाज तर विचारूच नका. आमच्या पेठेत शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग. दिवसभर खडखडखड. बाकीच्या बाई खिडक्या लावून घेऊन शिकवायच्या. हद्दबाई खिडक्या सताड उघडायच्या आणि मागावर आवाज चढवायच्या. माझे नाना, म्हणजे वडील, त्याच मागावर कामाला होते. घरी आले की तेलुगूत म्हणायचे, "आज तुमच्या बाईंनी इंग्रजांना लई झापलं बघ." मागावर उभ्या उभ्या इतिहास शिकलेला आमच्या घरातला हा एकमेव माणूस.

बाईंचं एकच वेड होतं. आमचा हा सोलापूरचा मुलूख पूर्वी एकसंध नव्हता, गोधडीसारखा तुकड्यातुकड्यांचा होता, हे पोरींना कळलं पाहिजे. "सोलापूर इंग्रजांचं. इकडं अक्कलकोट, आमचं संस्थान. तिकडं नळदुर्ग-तुळजापूर निजामाचं. खाली जत, वेगळं संस्थान. आणि मंगळवेढा? मंगळवेढा सांगलीकरांचं! कुठं सांगली, कुठं मंगळवेढा! बैलगाडीनं माणूस लग्नाला निघाला तर वाटेत राज्यं बदलायची, नाणी बदलायची, कायदे बदलायचे. नवरी मात्र तीच!" एवढं बोलून त्या स्वतःच खदाखदा हसायच्या आणि मग आम्ही हसायचो.

नकाशावर बोट ठेवून हे आमच्या डोक्यात शिरेना, तेव्हा बाईंनी वर्गच वाटून टाकला. खिडकीकडची रांग इंग्रजांची, भिंतीकडची निजामाची, मधली बाकं संस्थानांची. एक बाक एकटंच मधे टाकलेलं, ते मंगळवेढा. योगायोग असा की त्या बाकावर खरोखरच मंगळवेढ्याची मुलगी बसायची, मामाकडं शिकायला आलेली. तिला पाणी प्यायला जायचं तर दुसऱ्याचा मुलूख ओलांडावा लागे, आणि प्रत्येक हद्दीवर जकात. शेंगदाणा द्या, लिमलेटची गोळी द्या, नाहीतर पाढा म्हणा. दोन दिवसांत ती पोरगी वैतागली आणि भर वर्गात उठून म्हणाली, "बाई, आमच्या आज्याला ज्वारी इकायला सोलापूरला आणायची म्हणजे असंच करायला लागत असंल की! लईच ताप होता!"

बाईंनी खडू फेकून टाळीच वाजवली. "हेच! अगं हेच! हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं!" त्या दिवशी त्यांनी वर्गाला सुट्टी दिली आणि मुख्याध्यापिकांची बोलणी खाल्ली.

राजेरजवाड्यांचं त्यांना कौतुक होतं असं मात्र समजू नका. कुणी 'राजांच्या काळात काय थाट होता' असं म्हटलं की बाई उसळायच्या. "थाट वाड्यात होता. आमचे अज्जा नाक्यावर उन्हात उभे राहायचे. गरिबाच्या गाडीतली वांगीसुद्धा मोजून घ्यायची आणि मोठ्या माणसाची बग्गी आली की मुजरा करून सोडून द्यायची. असा थाट!" अज्जा म्हणजे त्यांचे आजोबा. घरी कानडी, म्हणून अज्जा. संस्थानच्या हद्दीवरच्या जकात नाक्यावर ते शिपाई होते.

आणि बाईंचा दुसरा मंत्र होता, "पुरावा काय?" आम्ही काहीही सांगितलं की हेच. "बाई, माझं पोट दुखतंय." "पुरावा काय?" "बाई, हिनं माझी पेन्सिल घेतली." "पुरावा काय?" आमच्या गल्लीत पोरी भांडायला लागल्या तरी एकमेकींना पुरावा मागायच्या. आयांना वाटायचं, शाळेत वकिलीच शिकवतात की काय.

तर ती सहल. बाईंनी आम्हाला एका लहानशा गावाच्या फाट्यावर उतरवलं. रस्त्याच्या कडेला एक चबुतरा, आणि त्यावर कमरेएवढा दगड. शेंदरानं माखलेला, तेल पिऊन पिऊन चकाकणारा, त्यावर चिकटवलेले रुप्याचे डोळे. गावचा म्हसोबा. बाईंनी चपला काढल्या, हात जोडले आणि लगेच हळूच अंगठा शेंदरावरून फिरवला. "बघा, बघा, इथं बोटाला लागतंय. खाली अक्षरं कोरलेली आहेत. हा म्हसोबा नाही गं, हा संस्थानच्या हद्दीचा दगड आहे! लोकांनी शेंदूर लावला आणि देव केला. चला, रांग करा. जकात!" आम्ही डबे उघडले. बाईंनी प्रत्येकीच्या डब्यातून एक एक घास घेतला. कुणाची कडक भाकरी, कुणाची शेंगाचटणी, कुणाचं धपाटं, माझ्या डब्यातला आईनं केलेला पुलिहोरा, आमचा चिंचेचा भात. खाताना मान डोलवत प्रत्येकीला म्हणत होत्या, "माल पास. जा संस्थानात."

एवढ्यात शेजारच्या खोपटातून एक बाई आली. गंगव्वा. म्हसोबाची पूजाअर्चा तिच्या घराकडं होती. हद्दबाईंना बघून तिनं कमरेवर हात ठेवले. दोघींची जुनी ओळख असावी, कारण तिनं नमस्कारसुद्धा न करता सुरुवात केली. "आलात का बाई? ह्यो दगूड न्हाय, किती येळा सांगू. जागृत देव हाय. आपल्या पायानं चालत आलाय ह्यो हितं."

"दगड चालतात का गंगव्वा? पुरावा काय?"

"देवाला कशाला लागतोय पुरावा? त्यो कोर्टात हाय का?"

आम्ही पोटं धरून हसलो. दरवर्षी सहल, दरवर्षी हे भांडण, आणि भांडण झालं की गंगव्वाचा गुळाचा चहा. दोघीही कधी हरल्या नाहीत.

चहा पिता पिता बाईंनी आम्हाला अज्जांची गोष्ट सांगितली. संस्थान विलीन झालं, नाके उठले, अज्जांची नोकरी गेली. अज्जा वर्षभर लेकीकडं जाऊन राहिले. परत आले आणि तेव्हापासून त्यांना एक खूळ लागलं. सकाळी उठायचं, डोक्याला जुना पटका बांधायचा आणि नाक्यावर जाऊन बसायचं. नाका राहिलेला नाही, पगार नाही, तरी येणाऱ्या गाडीवाल्याला विचारायचं, "काय हाय आत?" लोकही चांगले. थांबून सांगायचे, कुणी वाटाणा द्यायचं, कुणी काकडी.

"पण गंमत सांगू?" बाई म्हणाल्या. "नाक्यावर बसायचं तर इथं दगडापाशी बसायचं ना? अज्जा जाऊन बसायचे तिकडं!" त्यांनी लांब बोट केलं. रस्ता पुढं एका ओढ्यात उतरत होता, आणि ओढ्याच्या पलीकडं, वाटेपासून जरा आत, चिंचेचं मोठं झाड होतं. "त्या चिंचेखाली! माझे वडील लहानपणापासून परगावी वाढलेले, नाका उठल्यावरच इथं आले. ते जायचे, हाताला धरून आणायचे. म्हणायचे, अहो, दगड इकडं आहे, तुम्ही तिकडं काय करताय? आणि अज्जा कानडीत एकच म्हणायचे, दगड चालत गेला. घरात सगळे हसायचे. गावात पोरं मागं लागायची, 'अज्जा, दगड कुठं गेला?' गंगव्वाच्या माणसांनी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं ना हे, देव चालत आला म्हणून. तेच धरून बसले. शेवटी शेवटी आईनं त्यांना घराबाहेर सोडणं बंद केलं. दाराला बाहेरून कडी."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांना त्यांची हद्द सापडली नाही गं शेवटपर्यंत. म्हणून मी ओरडते गाडीत. कुणीतरी बरोबर जागी ओरडायला नको?" आणि लगेच उठून, पदर खोचून, "चला चला, एस.टी. चुकेल!"

वर्षं गेली. मंगळवेढ्याची पोरगी शिकून बँकेत लागली. मी शिवणकामात पडले आणि पुढं युनिफॉर्म शिवायचा लहानसा कारखाना काढला. सोलापुरात कुणी युनिफॉर्म शिवत नसेल तर तो चादरी विणत असतो, त्यामुळं त्यात विशेष काही नाही. बाई रिटायर झाल्या, यजमान गेले, गुडघे गेले. आवाज तेवढा राहिला. गणवेशाच्या बाबतीत काही चुकलं की फोन यायचा. "पद्मी, तुझ्या शाळेच्या पोरींच्या कॉलरी बघितल्या मी. हद्द सोडून बाहेर आल्यात."

आणि एक दिवस भल्या सकाळी फोन. "पद्मी! गाडी काढ!"

"बाई, काय झालं?"

"रस्ता रुंद करतायत! माझा दगड मधे येतोय! गाडी काढ म्हणते ना!"

काढली. काय करणार! कारखान्यात शाळांच्या ऑर्डरी तुंबल्या होत्या, जून तोंडावर आला होता, पण हद्दबाईंना नाही म्हणायची कुणाची टाप होती? वाटेत त्या एकदाही ओरडल्या नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

दगडापाशी पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं गेलेली, मुरमाचे ढीग, यंत्रं घुरघुरतायत, आणि म्हसोबाच्या चबुतऱ्यावर चुन्याची पांढरी रेघ. गंगव्वा आता पार म्हातारी झालेली, रेघेजवळ फतकल मारून बसली होती. समोर रस्त्याच्या कामावरचा तरुण इंजिनिअर. पोरगा चांगला होता हो, उगाच नावं ठेवायची नाहीत. बिचारा हात जोडून सांगत होता, "आजी, देव असेल तर आम्ही मागं छान देऊळ बांधून देऊ. रीतसर, पूजा करून हलवू. सगळ्या गावांत असंच करतोय."

बाई मधे घुसल्या. "एक फूटसुद्धा हलवायचा नाही! हा देव नाही, हद्दीचा दगड आहे. हद्दीचा दगड हलवला तर त्याला काय अर्थ राहिला? मग तो पाटा-वरवंटा झाला!"

"अहो मॅडम," इंजिनिअर घाम पुसत म्हणाला, "देव असेल तर मला मागं हलवता तरी येतो. नुसता दगड असेल तर तो भरावातच जाणार. तुम्ही त्याला दगड म्हणू नका, मी हात जोडतो!"

अशी पंचाईत. गंगव्वा म्हणते देव आहे, हलवू नका. बाई म्हणतात दगड आहे, हलवू नका. इंजिनिअर म्हणतो, एकीनं तरी हलवायला सांगा. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, संस्थानच्या हद्दीचा आहे याला काही पुरावा आहे का? खरंच ऐतिहासिक असेल तर मी वर बोलतो. बाजूचा रस्ता थोडा वळवून घेता येईल."

पुरावा! बाईंचे डोळे असे चमकले! आयुष्यभर जे दुसऱ्याला विचारत आल्या, ते आज कुणीतरी त्यांना विचारलं होतं. "शेंदूर काढा," त्या म्हणाल्या. "अक्षरं आहेत खाली."

गंगव्वा ऐकेना. देवाचं कवच काढायचं म्हणजे काय खेळ आहे? बाईंनी भांडून बघितलं, समजावून बघितलं, आणि शेवटी तिच्याशेजारी, गुडघ्यांचं काय होईल ते होवो म्हणून, मातीत बसल्या. "गंगव्वा, कौल लाव. देवालाच विचार. डावा पडला तर मी मुकाट्यानं घरी जाते." हद्दबाई आणि कौल! मी बघतच राहिले. गंगव्वानं पाण्यात बुडवून म्हसोबाच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली आणि हात जोडले. मजूर कामं टाकून गोळा झाले. इंजिनिअरसुद्धा टोपी काढून उभा. फुलं काही हलेनात. ऊन चढलं. आणि मग उजवं फूल सावकाश घसरलं आणि खाली पडलं.

"दिला की कौल!" असं ओरडलं कोण? बाई!

गंगव्वानं स्वतःच्या हातानं विळीच्या टोकानं कवच उचकटलं. पिढ्यांचा शेंदूर तो, जाड साल निघावी तसा अख्खा निघाला. खाली काळा, घडीव दगड, आणि त्यावर अक्षरं. एका बाजूला संस्थानचं नाव, दुसऱ्या बाजूला इंग्रज सरकारचं. बाईंनी त्या अक्षरांवर तळहात ठेवला आणि लहान पोरीसारख्या उड्या मारायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. "पद्मी, बघ! अगं बघ! बघितलंस? आहे की नाही! आहे की नाही!" मजुरांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरनं मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, मानलं तुम्हाला. दगड इथंच राहील. मी रस्ता वळवून घेतो."

झालं! जिंकलो! मी पेढे आणायला गाडीकडं वळलेसुद्धा. मागं बघते तर बाई वाकून दगडाच्या बुडाशी काहीतरी बघतायत. कपाळावर आठ्या.

"पद्मी, इकडं ये. हा खालचा भाग बघ. वरचा घडीव आहे आणि खालचा ओबडधोबड. हद्दीच्या दगडाचा हा भाग जमिनीत पुरायचा असतो. खुंटा पुरतात तसा. हा बाहेर कसा?" त्या ताठ झाल्या. "अगं, हा इथं पुरलेलाच नाही. नुसता आणून ठेवलाय."

मी हळू आवाजात म्हटलं, "बाई, जाऊ द्या ना. तो हो म्हणालाय. आता कशाला?"

"जाऊ द्या? पुरावा समोर असताना जाऊ द्या?" आणि त्या गंगव्वाकडं वळल्या. गंगव्वा खाली बघत होती. "गंगव्वा. हा दगड इथं कुणी आणला?"

गंगव्वानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "माज्या सासऱ्यानं. मी नवी नवरी हुते. संस्थान गेलं, नाका उठला. देव हुता तितं वढ्याच्या पल्याड. पावसाळ्यात वढ्याला पानी आलं की दिवसच्या दिवस देवाला दिवा न्हाई. मग सासऱ्यानं बैलगाडीत घातला आन्‌ हितं गावाजवळ आणून बशिवला. पर पल्याडच्या गावानं भांडान काढलं असतं की, आमचा देव का न्हेला म्हनून. मग आमी समद्यांनी ठरिवलं, सांगायचं, देव चालत आला. त्या म्हाताऱ्या नाकेवाल्यालाबी तेच सांगितलं. त्यो लई इचारायचा, दगूड कुटं गेला, दगूड कुटं गेला..."

इंजिनिअरनं टोपी घातली, परत काढली. बाईंनी एकदा दगडाकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं, आणि एकदम हसायला लागल्या. असं हसू, की डोळ्यांतून पाणी. "म्हणजे मी आयुष्यभर इंग्रजांच्या मुलखात उभी राहून संस्थानचा जयजयकार केला! अगं, एवढ्या पोरींना चुकीच्या जागी जकात भरायला लावली! पद्मी, तुझा पुलिहोरा परत करायला पाहिजे बघ!" आम्ही सगळेच हसायला लागलो. आणि हसता हसताच त्यांनी ओढ्यापलीकडच्या चिंचेकडं बघितलं. "अज्जा," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि ओढ्याच्या दिशेनं चालायला लागल्या.

ज्या बाईंना माझ्या गाडीतून उतरायला माझा हात लागायचा, त्या बाई तो सगळा मुरूम तुडवत, ओढ्यातले गोटे ओलांडत, वहाणा फटफट वाजवत पुढं, आणि आम्ही सगळे मागं. नवा रस्ता तिथून बाजूनं जात होता, त्यामुळं चिंच शाबूत होती. चिंचेखाली गवत उपसलं तर एका लहानशा चौकीचं जोतं निघालं, चार चिरे एका ओळीत. आणि त्याच्या कडेला, दगडांनी बांधून काढलेला एक चौकोनी खड्डा, पाल्यापाचोळ्यानं भरलेला. बाईंनी ओंजळीनं पाला काढला. खड्डा त्या दगडाच्या बुडाएवढाच होता.

बाई त्या जोत्यावर बसल्या. बरोबर तिथंच, जिथं त्यांचे अज्जा बसायचे. आणि मोठ्यानं रडल्या. त्यांना कुठलीच गोष्ट हळू करता यायची नाही. "तुम्ही बरोबर होता की हो अज्जा! तुम्ही बरोबर जागी बसला होता आणि आम्ही तुम्हाला वेडं ठरवलं. दाराला कडी लावली. मी, इतिहास शिकवणारी मी, जगाला पुरावा मागत फिरले, आणि तुम्हाला एकदा विचारलं नाही, अज्जा, कुठून चालत गेला हो?" गंगव्वा त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि तीही रडायला लागली. माझं काय झालं असेल ते सांगत नाही.

डोळे पुसून बाई उठल्या आणि इंजिनिअरला म्हणाल्या, "साहेब, माझं चुकलं. तुमचा रस्ता सरळच न्या. दगड उचला."

इंजिनिअरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मॅडम, सकाळपासून तुम्ही..."

"सकाळी माझ्याकडं पुरावा नव्हता."

गंगव्वा म्हणाली, "जाऊ द्या देवाला त्येच्या ठिकानी. सासऱ्यानं आणला तवापासनं माज्या जिवाला घोर हुता." आता प्रश्न उरला क्रेनवाल्याचा. तो सोलापूरचा मुसलमान पोरगा, हात मागं बांधून उभा. "नक्को मॅडम. देव है ना ये? पयले नारियल फोडो, बाद में उठातूं." त्याचंही बरोबर होतं. नारळ आणला, गंगव्वानं फोडला, पहिला तुकडा त्याला दिला, तेव्हा कुठं क्रेन हलली.

आणि मग ती मिरवणूक! क्रेनच्या दोरीला हेलकावणारा म्हसोबा, मागं मजूर, गावातली बायापोरं, कुणीतरी हलगी आणली, आणि सगळ्यांच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर करून आमच्या हद्दबाई. ओढा ओलांडला, चिंच आली, आणि त्या अशा काही ओरडल्या की झाडावरचे बगळे उडाले. "आलं! आलं! संस्थान आलं!" या वेळी मी लाजले नाही. मीही ओरडले. दगड खड्ड्यात असा बसला की पाचर मारायला लागली नाही. मग बाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. "जकात!" मजुरांनी डबे उघडले, गंगव्वानं भाकरी आणली, इंजिनिअरनं बॅगेतून बायकोनं दिलेले पोहे काढले. बाईंनी प्रत्येकाचा एक घास घेतला. "माल पास. जा संस्थानात."

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. पुढच्या थंडीत गेल्या, झोपेतच. आमच्या शाळेच्या किती पोरी आल्या होत्या! सासुरवाशिणी, नोकरदार, आज्या झालेल्यासुद्धा. मंगळवेढ्याची तीही आली होती. परतताना म्हणाली, "पद्मा, आता आपल्याला पुरावा कोण मागणार गं?" आणि दोघी भर रस्त्यात एकमेकींच्या गळ्यात पडलो.

परवा अक्कलकोटला एका शाळेचं माप घ्यायला निघाले होते. ओढा आला तशी गाडी बाजूला घेतली आणि चिंचेखाली गेले. दगडाला परत शेंदूर लागला होता, रुप्याचे डोळे लागले होते. एक नवी सून तेल घालत होती. गंगव्वाची नातसून म्हणे, गंगव्वाही आता नाही. मी हात जोडलेले बघून तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली.

"लई जागृत देव हाय ताई. पयला हितंच हुता. मग रुसून गावाजवळ चालत गेलता. आन्‌ आता मागं चालत परत आला, आपल्या पायानं. म्होरं म्होरं एक बाई वरडत हुती म्हनं, देव आला, देव आला करत. आन्‌ देव तिच्या मागनं. त्या बाईला फुडं कुणीच बघितलं न्हाई. देवीच असंल की ती."

माझ्या तोंडात आलंच होतं, पुरावा काय?

मी डबा उघडला. पुलिहोराच होता. एक घास दगडापुढं ठेवला, एक त्या पोरीच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "व्हय गं. मी तिच्या मागंच होते."